गरीब घराचा पडदा

झाडीपट्टीतल्या कुठल्याही नाटक कंपनीला पाच पडदे लागतात. महाल, बाग, रस्ता, जंगल आणि गरीब घर. नाटक कोणतंही असो, गोष्ट या पाच ठिकाणांबाहेर जात नाही. वडशाजवळच्या आमच्या गावात राहून मी हीच पाच ठिकाणं आयुष्यभर रंगवत आलो. आता बहुतेक कंपन्या फ्लेक्सवर छापून आणतात. त्यातल्या बागेत मागे बर्फाचे डोंगर असतात आणि त्या बर्फासमोर नायक बनियनवर नांगर खांद्यावर घेतो. चालतं. लोक नटाकडे बघतात. दोन-तीन कंपन्या मात्र अजून हट्टानं कापडी पडदाच मागतात, त्यांच्यावर माझं भागतं.

मध्ये एक अभ्यासक बाई येऊन गेल्या. बाई चांगल्या होत्या, चहाची कपबशी स्वतः विसळून ठेवली. त्यांनी विचारलं, तुमची निर्मितिप्रक्रिया काय? मी म्हटलं, आधी मांजरपाट ताणायचा, मग खडू आणि सरस कालवून त्याचा एक हात मारायचा आणि वाळू द्यायचं. त्या म्हणाल्या, तसं नाही हो, आतून काय होतं? मला रागच आला. आतून काय होणार? महाल मी कधी पाहिलेला नाही, एका कॅलेंडरवरून उचलला आणि तोच चालवतोय. जंगल आम्हाला अंगणाइतकं ओळखीचं, पण खरं जंगल पडद्यावर काढलं तर मागच्या रांगेला नुसता हिरवा डाग दिसतो. साग, मोह, पळस, बांबू, सगळं एकमेकांत घुसलेलं असतं. म्हणून मी पडद्यावरची झाडं पोलीस भरतीला उभी केल्यासारखी सुटी सुटी काढतो. एवढं सगळं त्यांना सांगितलं. गरीब घराचं तेवढं सांगितलं नाही.

कारण पाचांपैकी तो एकच पडदा मी पाहून काढायचो. पाहून म्हणजे आठवून. ते आमचं जुनं घर होतं. आज ते जागेवर नाही. तिथे दोन खोल्या आहेत, वर स्लॅब आहे, आणि त्यात माझी माय, माझी बायको आणि मी असे तिघं राहतो. मुलगी लग्न होऊन बल्लारपूरला गेली. घर पाडलं तेव्हा मी त्याचा एक फोटोसुद्धा काढून ठेवला नाही. गरजच वाटली नाही, हाताला पाठ होतं. कुडाची भिंत, दाराशेजारून खाली उतरलेली भेग, एका बाजूला झुकलेला खांब, छपराचे दोन कवेलू निसटलेले आणि तिथून आत पडणारं ऊन. त्या भेगेवर तर माझा भारी जीव. काव आणि काजळी मिळवून ओल्या भिंतीवर एकाच हातात ती वरून खाली आणायची. हात थांबला की मेली. त्यात मी पदरचा एक फुटका रांजण घातला होता आणि दोरीवर ठिगळांची गोधडी. पडदा उघडला की बायका नट यायच्या आधीच डोळ्याला पदर लावायच्या. हे मला कंपनीच्या मालकानं सांगितलं होतं आणि ऐकून मी दोन दिवस गावात छाती काढून फिरलो, खोटं कशाला बोलू?

मायनं तो पडदा कधी पाहिलेला नव्हता. गरीब घर माझ्याकडून एकच कंपनी न्यायची आणि ती वैनगंगेच्या पलीकडच्या गावांत फिरायची, इकडे यायची नाही. नाहीतर माय नाटकाची भयंकर शौकीन. वय ऐंशीच्या पुढे, गुडघे गेलेले, तरी मंडईला जाऊन नाटक बघायचं म्हणजे बघायचंच. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, पाहुणेरावळे जमतात, आणि ज्या गावात मंडई त्या गावात नाटक. यंदा नदीपलीकडे, तिच्या धाकट्या बहिणीच्या गावची मंडई होती. सख्ख्या भावंडांत आता ती एवढीच उरली आहे. बायको मायला घेऊन सकाळीच गेली. मला एका महालाचं काम होतं, मी घरी राहिलो.

दिवस मावळला नाही तोच दोघी ऑटोनं परत. नाटक सुरू व्हायला अजून कितीतरी वेळ होता. मी विचारलं, काय झालं? माय सरळ आत गेली आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

बायकोनं सांगितलं ते असं. जेवणं झाल्यावर सगळ्या बाया मंडप बघायला गेल्या. कंपनीची माणसं दुपारीच पडदे टांगून बघत होती. कोणीतरी वरून ओरडलं, "गरीब घर खाली सोडा गा! गरीब घर!" आणि पडदा सुटला. मावशीनं तोंडावर हात ठेवला. म्हणाली, "अवो बाई, हे त तुह्यं घर होय! तो खांब पाहा, तस्साच वाकडा!" बाकीच्या बाया हसायला लागल्या. कौतुकानंच हसत होत्या, बायको म्हणाली. पेंटरची माय म्हणून त्यांनी तिला पुढे ढकललं. आणि खालून दुसरा कोणी ओरडला, "गरीब घर तिरपं झालं, डाव्या हातानं ओढ!" माय तिथून वळली आणि म्हणाली, मले घरी ने.

सकाळी ती सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. मी समोर चहा घेऊन बसलो.

"तो पडदा उतरव," ती म्हणाली.

"अवो माय, नाटकाचा पडदा आहे तो."

"घरातली गोष्ट तू मंडईत काऊन नेली?"

मी हसलो. ते चुकलंच.

"साऱ्यायचीच घरं तशी होती वो," मी म्हटलं.

"आपलं नोयतं."

"भेग नोयती? खांब वाकडा नोयता?"

"भेग त पाटलाच्या वाड्यालेबी होती. त्याले कोनी गरीब घर म्हनलं का? तू सांगतलं म्हून लोक म्हनून राह्यले."

"मी काई नाई सांगतलं."

"तुले सारं मालूम होतं, अन् तू सांगतलं," ती म्हणाली. सूप उचललं आणि उठून गेली.

त्या दिवसापासून तिनं माझ्याशी बोलणं टाकलं. आमच्याकडे बोलणं टाकण्याची एक पद्धत आहे. माणूस गप्प बसत नाही, मधल्या माणसामार्फत बोलतो. दोन हातांवर मी बसलेलो असायचो आणि ती माझ्या बायकोला म्हणायची, "त्याले म्हन, जेवाले बस." मीही पेटलेलो. मी म्हणायचो, "तिले सांग, भूक नाई." तीन-चार दिवस बायकोनं ऐकून घेतलं. मग एकदा भाताचा गंज दाणकन आपटून म्हणाली, "मी काय पोस्ट ऑफिस आहो का? तुमचं तुमी पाहा!" तरी काही सुधारलं नाही. दोन्ही बाजूंनी डाक चालूच.

मला मायचा राग आला होता, हे कबूल करतो. आयुष्यभर जे काम करून घर चालवलं, त्यातलं लोकांनी नावाजलेलं एकच चित्र, आणि नेमकं तेच हिला खुपावं! पण मग मावशीचा फोन आला. होळीनंतर तिच्या नातीचं लग्न ठरलं होतं, त्याच गावात. मायनं फोन घेतला नाही. बायकोला म्हणाली, "सांग तिले, माह्ये गुडघे दुखते. तिथी पंगतीत बसली त लोक म्हनन, ते पाहा, गरीब घरची आली." मावशी तिकडे रडत होती, फोन स्पीकरवर होता. उरल्यासुरल्या दोघी बहिणी, त्यांची पुढची भेट कधी आणि कशी होणार ते कोणाला ठाऊक. तेव्हा मात्र माझा राग उतरला. पडदा उतरवायलाच हवा होता.

मी मालकाला गाठायला ब्रह्मपुरीकडे गेलो. सकाळची वेळ, नट मंडळी शाळेच्या व्हरांड्यात आडवीतिडवी झोपलेली, मालक कडुलिंबाची काडी चावत उभा. मी सांगितलं, तो पडदा परत द्या. त्यानं काडी तोंडातून काढली.

"पेंटर भाऊ, काय बोलून राह्यले तुमी? त्या पडद्यावर माह्यं नाटक उभं आहे! बाया रडते त्याच्यावर."

"दुसरा देतो. पैसे नको."

"दुसरा आना, मंग हा घेऊन जा. पन रडवनारा आना बाप्पा. फ्लेक्सवाला त मलेबी भेटते."

दुसरं गरीब घर काढायचं, एवढंच काम होतं. धान मळून झालं होतं, खळं मोकळं होतं. तिथे मांजरपाट अंथरला, ताणला, हात मारला, वाळवला. कोळसा घेतला आणि काढायला बसलो. खांब काढला, तो झुकला. पुसला. दार दुसऱ्या बाजूला नेलं, तरी भेग दारामागोमाग आली. शेजारच्यांचं घर आठवून पाहिलं, तर त्याला आमचेच दोन कवेलू कमी. चार दिवस हेच चाललं. इतकी वर्षं लोक मला कलाकार म्हणत होते, मीही म्हणवून घेत होतो. आता खळ्यावर उकिडवं बसून कळलं की माझ्याकडे एकच घर आहे. बाकी सगळं कॅलेंडर. कल्पना, प्रतिभा वगैरे जे बोलतात ते दुसऱ्या कुणाचं असेल, माझ्या हातात जे एकदा बसलं तेच फिरून फिरून बाहेर येतं. वाईट वाटलं, पण त्याहून जास्त लाज वाटली.

बायकोनं जेवण आणलं आणि कापडाकडे पाहिलं. "तुमाले एकच घर येते," म्हणाली आणि डबा ठेवून गेली. घरी जाऊन तिनं ते मायलाही सांगितलं असणार. कारण दुसऱ्या दिवशी निरोप आला, "त्याले म्हन, गरीब घर कसं राहते ते मी सांगतो."

दुपारी माय काठी टेकत खळ्यावर आली. बायकोनं प्लास्टिकची खुर्ची मांडून दिली आणि ती घरी गेली. पंधरा दिवसांनी माय पहिल्यांदा मधल्या माणसाशिवाय बोलली, पण माझ्याकडे बघून नाही, कापडाकडे बघून.

"ते सारं पुस."

मी पुसलं.

"भिंत सारवलेली काढ. चोपडी."

"गरिबाची?"

"गरिबाचीच. शेन-माती फुकट भेटते. ज्याच्यापाशी काई नाई, तो भिंत चांगली ठेवते. लोक पाहते ना."

मी पिवडी आणि खडू कालवून भिंत घेतली. मग विचारलं, रांजण?

"फुटका नोको. फुटका रांजन कोन ठेवते घरात? तुह्या बायकोनं ठेवला का? फेकून देते बाप्पा. दोन गडवे काढ. घासलेले. दोनच."

"दोरीवर गोधडी?"

"दोरी रिकामी ठेव. लुगडं एकच, ते आंगावर आहे."

मग तिनं धान ठेवायची बांबूची ढोली कोपऱ्यात काढायला लावली. वर झाकण. झाकणावर दगड.

"दगड कशाले?"

"उंदीर घुसू नाई म्हून."

"म्हंजे आत धान आहे?"

"झाकन आहे ना वर? आत काय आहे ते तुले काऊन पाह्यजे?"

मी काढत गेलो. माझ्यातला माणूस कसा आहे ते इथं सांगितलं पाहिजे. माय काय बोलते याकडे माझं अर्धंच लक्ष होतं. चित्र चांगलं होत होतं. रिकाम्या दोरीची सावली चोपड्या भिंतीवर पडली, दोन गडवे चमकले, आणि त्या घराला अशी काही शांतता आली की मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो. पुढं पडद्याचं सगळं नीटच झालं. मालक आधी म्हणाला, हे त खाली-खाली, रिकामंच दिसून राह्यलं, मग बराच वेळ उभा राहिला आणि जुना पडदा गुंडाळून मला दिला. होळीनंतर माय मावशीच्या नातीच्या लग्नाला गेली, पंगतीत बहिणीच्या शेजारी बसली. पण मला सांगायचं आहे ते त्या दुपारचं.

"आता चूल काढ," ती म्हणाली. "पेटलेली."

"पेटली त गरीब घर कसं?"

"धूर काढ. कवेलूतून वर गेला पाह्यजे. सामोरच्यायले दिसला पाह्यजे."

"चुलीवर काय ठेवू? गंज ठेवू?"

"काई नोको ठेवू."

ती सांगत राहिली, आवाज अगदी सपाट, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसा.

"पोळ्याच्या मांगं-पुढं धान सरते. नवं याले टाइम राहते. घरचा मानूस एटापल्लीकडं बांबू तोडाले गेला राहते, त्याचा पत्ता नाई. दिवे लागाच्या टायमाले साऱ्यायच्या घरून धूर निंगते. एका घरून नाई निंगला त लोक विचारते, काऊन वो बाई, आज चूल नाई पेटवली? मंग पळसाचा ओला पाला जाळाचा. आच नाई लागत, पन धूर मस्त होते."

"अन् घरातले?"

"घरात कोन? एक पोरगं. ते विचारते, माय, काय शिजून राह्यलं? त्याले म्हनाचं, भात. टाइम आहे, तू नीज, झाला की उठवतो. पोरगं झोपते. सकायी उठून म्हनते, मले काऊन नाई उठवलं? त्याले म्हनाचं, उठवलं ना बाबू. उठला, जेवला, अन् झोपला. झोपीत होता, तुले याद नाई."

आमच्या घरात माझी एक थट्टा चालत आलेली आहे. मी झोपेत जेवतो. लहानपणी म्हणे मी अर्धवट झोपेत उठायचो, ताटभर भात खायचो आणि सकाळी मला काहीच आठवायचं नाही. मायनंच ही गोष्ट सगळ्यांना सांगितलेली. माझ्या लग्नात सांगितली, पाहुणे पोट धरून हसले. मुलीला सांगितली. मी स्वतः कितीतरी मित्रांना सांगितली आहे, हसत, मोठ्या मजेनं. आणि मला ते जेवण आठवतंसुद्धा. खरंच आठवतं. वाफ येणारा भात, वर लाखोळीची डाळ, तिचा हात. मी ते शपथेवर सांगितलं असतं.

मी वर पाहिलं.

"काऊन?" ती म्हणाली. "असा काऊन पाहून राह्यला?"

"मले वाटे, मी खरंच जेवत होतो."

"कायले येड्यावानी करतं? तुले मालूम होतं. म्हून त पडदा काढला तू. घर भुकेलं होतं हे साऱ्या मुलखाले सांगतलं."

"नाई वो माय. भेग चांगली दिसते म्हून काढली मी. दुसरं काईच मालूम नोयतं मले."

"मालूमच नोयतं?"

"नाई."

"कधीच? मोठा झाल्यावरबी?"

"कधीच नाई. आता तू सांगतलं तेव्हा."

ती माझ्याकडे बघत राहिली आणि हळूहळू तिचा चेहरा उजळला. माझा कुठलाही पडदा बघून तिच्या तोंडावर एवढा अभिमान मी पाहिलेला नाही. एका पोराला उपाशी झोपवून पोटभर जेवल्यासारखं उठवलं होतं तिनं, आणि त्याचे केस पिकले तरी त्याला पत्ता लागू दिला नव्हता. तसं थोडाच वेळ राहिलं. मग तिच्याही ध्यानात आलं.

"हात् बाप्पा," ती म्हणाली. "मंग मीच सांगून बसली का?"